साठ की पंचावन्न

“नंबर झाक पोरी,” आबा सरनोबत मला म्हणाले. “टायरवरचा आकडा वाचून तर कुणीबी सांगंल. मी बुडानं सांगतो.”

असं म्हणून त्यांनी स्वतःच्या पार्श्वभागावर एक थाप मारली आणि रणधीर नेजदारांच्या फाउंड्रीच्या आवारात उभ्या असलेल्या मंडळींनी आदराने माना हलवल्या. त्या थापेला आमच्या कोल्हापुरात मान होता. आबा तरुणपणी मोटारींच्या शर्यतीत उतरले होते, दोनदा पहिले आले होते आणि एकदा गाडीसकट उसात गेले होते. पुढच्या चाळीस वर्षांत उसाची गोष्ट लोक विसरले आणि पहिल्या नंबरांची संख्या मात्र वाढत गेली. कुणी नवी गाडी घेतली की आधी आबांना बसवून एक चक्कर मारायची आणि उतरल्यावर ते काय म्हणतात ते कान देऊन ऐकायचं, अशी शिरोलीच्या कारखानदारांत रीतच पडली होती.

मी खाली बसून चारही टायरवरच्या आकड्यांवर काळी चिकटपट्टी लावली. टेम्पोत रिमवर चढवलेले दुसरे चार टायर होते, त्यांच्यावर आदल्या संध्याकाळीच लावून आणली होती. गाडीवरचा सेट कुठला आणि टेम्पोतला कुठला, हे फक्त मला माहीत होतं.

गाडी रणधीरदादांनी स्वतः बनवलेली. ज्याच्या तीन पिढ्या लोखंड ओतून जगल्या, त्या माणसाला साडेपाचशे किलोची दोन सीटची शर्यतीची गाडी करायची हौस आली. तीन वर्षं खपून त्यांनी फायबरची बॉडी केली, वजन वाचवायचं म्हणून गालिचा काढला, स्पीकर काढले, सीटमधला निम्मा फोम काढला. गाडी तयार झाल्यावर पुढे पितळेचा अर्धा किलोचा गणपती बसवला. त्याचं वजन धरायचं नसतं, असं ते म्हणाले.

सगळं झालं आणि घोडं टायरवर अडलं. टायरच्या कडेच्या भिंतीची उंची त्याच्या रुंदीच्या शंभरातली किती, हा तो आकडा. माझं म्हणणं साठ, रणधीरदादांचं पंचावन्न. आमच्या मापाच्या टायरला या दोहोंत फरक पडतो नऊ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. त्या नखावर सात महिने वाद चालला होता. पंचावन्नचा टायर दिसायला झोकदार, हे मला मान्य होतं. पण गाडी हलकी, टायरला खाली दाबून धरायला तिच्यात वजनच नाही, आणि पळायचं होतं खडबडीत घाटात. तिथे बुटका, कडक टायर उड्या मारणार. थोडी उंच भिंत, हवा बावीस पौंडच, म्हणजे टायर स्वतः थोडा दबेल आणि रस्ता सोडणार नाही. हे मी वहीत आकृत्या काढून मांडलं होतं. रणधीरदादांनी वही चाळली, “अक्षर छान आहे,” म्हणाले आणि परत दिली.

दातांचे डॉक्टर हुपरीकर त्यांचे जिवलग मित्र. ते परदेशी मासिकं वाचत. त्यांच्या मते साठ हा आकडा टेम्पोला शोभणारा होता. “मॅडम,” ते मला म्हणाले होते, “बाहेर चाळीसच्या वर कुणी बघत पण नाही.” मी त्यांना बाहेरचे रस्ते कसे असतात ते विचारलं, तेव्हा त्यांनी विषय बदलला.

माझ्यासाठी तो वाद नखाएवढा नव्हता. शिरोली फाट्यावर अब्बांचं टायरचं दुकान होतं, दस्तगीर शिकलगार यांचं. दीड वर्षापूर्वी त्यांचा उजवा हात गेला आणि दुकान मी बघायला लागले. सव्वीस वर्षांची होते. ट्रकवाले यायचे, त्यांना पंक्चर निघाल्याशी मतलब. पण मोटारींची गिऱ्हाइकं मला पाहून विचारायची, “मालक कुठं आहेत?” चाचांच्या मनात तिथे मोबाइलचं दुकान घालायचं होतं. अखेर अब्बांनी तोडगा काढला. शिरोलीच्या मालकांनी माझ्या शब्दावर टायर घेतला तर दुकान माझं. नाहीतर दिवाळीला किल्ली चाचांच्या हातात. आणि शिरोलीचे मालक कुणाच्या शब्दावर टायर घेत, तर आबांच्या. म्हणजे फिरून सगळं येऊन पडलं ते त्या थापेपाशी.

चाचणीचा दिवस ठरवला तोही या शहाण्यांनीच. फाउंड्री बंद, वसाहतीतले रस्ते मोकळे, असा दिवस हवा होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी ट्रकवर चढून शर्यतीला जायची होती. कॅलेंडर पाहून रणधीरदादांनी सुट्टीचा दिवस काढला. सुट्टी कशाची आहे, हे बघायचं त्यांना सुचलं नाही, आणि मलाही नाही. ती खंडेनवमी होती.

पहिल्या फेरीला आबा निघाले. फाउंड्रीच्या फाटकातून बाहेर, वसाहतीला तीन वळसे आणि परत. हुपरीकरांच्या हातात स्टॉपवॉच होतं. आबा परतले, गाडी थांबवली आणि लगेच उतरले नाहीत. डोळे मिटून तसेच बसून राहिले.

“चार मिनिटं बारा सेकंद,” हुपरीकर म्हणाले.

“घड्याळ राहू दे,” आबा डोळे न उघडता म्हणाले. “गाडी पोहती. वळणावर मागनं कुणी शेपूट धरल्यागत वाटतंय. टायर हाय का उशी?”

“म्हणजे हाच साठ,” रणधीरदादा खूश होऊन म्हणाले. “काय यास्मिन?”

तो साठच होता. हुपरीकर कागदावर काहीतरी लिहून घेत होते. दुसरा सेट लावायचा म्हणून मी गाडी चालवत शेडच्या मागे नेली. तिथे माझा टेम्पो होता, हत्यारं होती आणि मंडळींना तिकडे यायला बंदी होती, कारण आबांना कुणी खूण केली असा बोभाटा नको होता.

शेडच्या मागे रणधीरदादांच्या आई खुर्ची टाकून बसल्या होत्या. सगळे त्यांना आक्का म्हणत. नवरा अकाली गेल्यावर मुलगा हाताशी येईतो आठ वर्षं त्यांनी एकटीने फाउंड्री चालवली होती. त्यांच्यासमोर पोत्यावर फाउंड्रीची सगळी हत्यारं ओळीने मांडलेली होती. हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूची फुलं, पुढे नारळ आणि उदबत्ती. त्या ओळीत माझा जॅक होता. माझा पाना होता. माझा हवेचा गेज पण होता, त्यालाही कुंकू लावलं होतं.

“आक्का, माझी हत्यारं?”

“टेम्पोत पडली हुती. म्हटलं, त्यांनी काय पाप केलंय,” आक्का म्हणाल्या. “सगळ्यांच्या संगं पुजून टाकली.”

“फार चांगलं केलंत. आता जरा जॅक घेते. टायर बदलायचेत.”

“न्हाई.”

“काय?”

“खंडेनवमी हाय. पुजलेल्या हत्याराला उद्या सकाळपातूर हात लावायचा न्हाई. तुझ्या बापाला बी ठाऊक असंल.”

ते खरं होतं. आम्ही शिकलगार, हत्यारांना धार लावणारी जात. अब्बाही त्या दिवशी दुकानातल्या हत्यारांना हात लावत नसत. विचारलं की म्हणत, एक दिवस त्यांचा, बाकीचे आपले.

“पण आक्का, गाडी तर चालवताहेत की ते.”

“ती हत्यार हाय व्हय? खेळणं हाय ते.”

“मग मी दादांना बोलावून आणते.”

“आण की. मी हितंच बसलोय.”

मी शेडच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि थांबले. आक्कांपुढे रणधीरदादांचं किती चालतं, हे मला माहीत होतं. ते येणार, डोकं खाजवणार, चाचणी रद्द करणार आणि मनातला पंचावन्न लावून मोकळे होणार. आबांनी साठला उशी म्हटलेलं सगळ्यांनी ऐकलंच होतं. मी परत आले आणि टेम्पोच्या पायरीवर बसले.

“आक्का, माझं दुकान जातंय हो यात,” मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. दुकान, चाचा, अब्बांची अट, साठ आणि पंचावन्न.

आक्कांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “त्या दोन टायरांत फरक किती?”

मी करंगळीचं नख दाखवलं.

“आणि ह्या नखाचा फरक सरनोबताला बसून कळतोय?”

“ते म्हणतात तसं.”

“मग हायत तीच टायरं घेऊन जा परत. न्हाई बदलली म्हणून त्याच्या ध्यानात आलं, तर मी येऊन सांगतो, माझ्यामुळं न्हाई बदलली. आणि न्हाई आलं, तर तुझं तू बघ.”

ऐकायला ही थट्टा वाटली, पण विचार केला तर त्यात वाईट काही नव्हतं. आबा उतरून म्हणतील, काही फरक नाही. मग मी खरं काय ते सांगेन, सगळे हसतील आणि दसऱ्याला सकाळी हत्यारं मोकळी झाली की नीट चाचणी होईल. म्हणजे एका परीने ती आबांचीच परीक्षा होती. मी कबूल झाले.

टायर बदलायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ आम्ही दोघी बसून राहिलो. आक्कांनी मला खोबऱ्याचा तुकडा दिला. मध्येच म्हणाल्या, “आवाज यायला पायजे की गं,” आणि पूजेचं रिकामं ताट उचलून त्यांनी खुर्चीच्या पायावर चार वेळा आपटलं. पलीकडून रणधीरदादा ओरडले, “सावकाश यास्मिन, घाई नाही.”

पंचवीस मिनिटांनी मी तीच गाडी, त्याच टायरांवर, पुन्हा पुढे आणली. आबांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि पुढच्या टायरवर बुटाने दोनदा ठोकलं.

“बघा,” ते म्हणाले, “नुसता आवाजच येगळा.”

आबा गेले, आले, आणि या खेपेला चटकन उतरले. चेहरा खुलला होता.

“चार मिनिटं पाच,” हुपरीकर म्हणाले. “सात सेकंद. माय गॉड.”

“मी घड्याळ न बघता सांगितलं असतं,” आबा म्हणाले. “जमीन-अस्मानाचा फरक. ही गाडी रस्ता धरून चालती. पहिल्या टायराला गाडी कुठं जाती ते मलाच ठाऊक न्हवतं. आता नुसतं मनात आणलं की वळती. ह्याला म्हणायचं टायर.”

“मग पंचावन्नच,” रणधीरदादा म्हणाले. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी हुपरीकरांना मिठी मारली. “मी सात महिने काय सांगत होतो?”

“साइडवॉल स्टिफ असली की असंच होतं,” हुपरीकर म्हणाले. “मी कागदावर लिहूनच ठेवलंय.”

मी बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधीच रणधीरदादा गुडघे टेकून बसले आणि त्यांनी पुढच्या टायरवरची पट्टी ओढून काढली. खाली स्वच्छ अक्षरात साठ होतं. त्यांनी मागच्या टायरची काढली. तिथेही साठ. ते उठले, गाडीच्या पलीकडे गेले आणि राहिलेल्या दोन पट्ट्याही काढल्या. साठ आणि साठ.

रणधीरदादांनी आबांकडे पाहिलं, हुपरीकरांनी कागदाकडे पाहिलं आणि आबांनी आभाळाकडे.

“साठच,” शेवटी आबा म्हणाले. “मग मी काय म्हणालो? हलक्या गाडीला जरा लवचीक टायर लागतो. पहिला पंचावन्न हुता, दगडागत. मला आपटतच नेलं त्यानं.”

“तुम्ही उशी म्हणाला होतात,” मी म्हणाले.

“दगडाची उशी,” आबा म्हणाले.

हुपरीकरांनी कागदावरची ओळ खोडून वर दुसरी लिहिली. रणधीरदादांना सावरायला थोडा वेळ लागला, पण तेही कारखाना चालवणारे होते. “तसा सुरुवातीला माझाही विचार साठचाच होता,” ते म्हणाले. “मध्ये यांनी डोक्यात भरवलं. शाबास यास्मिन. मुलीला समज आहे.”

मी जिंकले होते. तिथेच गप्प बसले असते तर झालं असतं. पण मला रागच आला. सात महिने ज्या साठसाठी मी वहीत आकृत्या काढल्या, त्याला पहिल्या फेरीत उशी म्हणाले आणि दुसऱ्या फेरीत डोक्यावर घेतलं, आणि दोन्ही वेळा तो होता तसाच होता. मला साठ जिंकायला हवा होता, पण खरोखर जिंकायला हवा होता.

“टायर बदललेच नाहीत,” मी म्हणाले. “दोन्ही फेऱ्यांना हाच सेट होता. हत्यारं पूजेत आहेत. पंचावन्न अजून टेम्पोतच आहेत.”

“काय?” रणधीरदादा म्हणाले.

“दोन्ही वेळा साठच होता.”

आबा माझ्याकडे बघत राहिले. चिडले नाहीत. लहान मुलाने मोठ्या माणसाला रस्ता सांगावा तसे माझ्याकडे बघत होते. “पोरी, चाळीस वर्षं मी गाड्या हाकतोय. टायर बदलला की न्हाई, मला कळणार न्हाई? मग ती सात सेकंद कुठनं आली?”

“दुसऱ्या फेरीला वळणं सवयीची झाली म्हणून असेल.”

हे मी बोलायला नको होतं. हुपरीकरांनी घसा खाकरला. रणधीरदादांचा चेहरा कडक झाला. आबांना वळणांची सवय लागते असं आजवर त्या आवारात कुणी म्हटलं नव्हतं.

“आम्हाला एवढं पण कळत नाही असं म्हणायचंय का तुला?” रणधीरदादांनी विचारलं. मग हुपरीकरांकडे वळले. “टायर समोर असून हिला बदललाय की नाही ते सांगता येत नाही, आणि हिच्याकडून टायर घ्यायचे?”

“आक्कांना विचारा,” मी म्हणाले. “त्या तिथेच होत्या.”

आक्का शेडच्या कोपऱ्यावर येऊन उभ्याच होत्या. सगळं ऐकलं असणार. रणधीरदादांनी विचारलं, “आई, हिने टायर बदलले का नाही?”

आक्कांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग आबांकडे, मग बराच वेळ माझ्याकडे. जिने तासाभरापूर्वी मला पान्याला बोट लावू दिलं नव्हतं, ती बाई झेंडूच्या पिवळ्या हाताने पदर सावरत शांतपणे म्हणाली, “बदलली की. माझ्यासमोर बदलली.”

“पण हत्यारं पूजेत होती म्हणते.”

“मीच मोकळी करून दिली. तुझ्यापायी. तुला आवाज आला न्हाई व्हय?”

“आला,” रणधीरदादा म्हणाले.

आता सगळे माझ्याकडे बघत होते. आक्काही. त्यांच्या नजरेत ना दया होती ना खोडी. पुढचं तुझं तू बघ, एवढंच होतं. मला कळून चुकलं की खरं धरून राहिले तर टायरमधलं काही न कळणारी ठरते, आणि खोटं बोलले तर टायरवाली. मधली जागाच नव्हती.

“बदलले होते,” मी म्हणाले. “मस्करी केली.”

आबांनी सुस्कारा सोडला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून ते प्रेमाने म्हणाले, “धंद्यात असली मस्करी करू नी. माणसाचा शब्दावरनं इश्वास उडतो.” आणि रणधीरदादांकडे वळून म्हणाले, “हिच्याकडं जाऊ द्यात सगळ्या गाड्या. समज हाय पोरीला.”

दसऱ्याला सकाळी मी पुन्हा गेले होते. हत्यारं मोकळी झाली होती, ट्रक यायला अवकाश होता. पंचावन्न लावून एक फेरी मारू या का, असं मी विचारलं. “आता कशाला?” रणधीरदादा म्हणाले. “सिद्ध झालंय की.” घाटात गाडी अकरांत चौथी आली आणि चौथी आली ती केवळ साठमुळे, असं आबा पुढे आयुष्यभर सांगत राहिले. या गोष्टीला सतरा वर्षं झाली. त्या गाडीला साठ बरा होता की पंचावन्न, हे मला आजही छातीठोक सांगता येणार नाही. गिऱ्हाईक विचारतं तेव्हा मात्र सांगते.

पण खंडेनवमीच्या त्या संध्याकाळी मी दुकानात परतले ती रडवेली होऊन. अब्बा दुकानाच्या दारात खुर्चीवर बसले होते. बातमी माझ्याआधी पोचली होती, रणधीरदादांचा फोन येऊन गेला होता. मी पायरीवर बसून म्हटलं, अब्बा, असं काही झालेलं नाही, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. पूजा, ताट, दगडाची उशी, आक्कांची साक्ष, माझी मस्करी. पस्तीस वर्षं टायर हाताळलेला माणूस होता तो. निदान त्याने तरी मला रागवावं, उद्या जाऊन खरी चाचणी कर म्हणावं, असं मला मनापासून वाटत होतं.

अब्बा रागावले नाहीत आणि हसलेही नाहीत. डाव्या हाताने त्यांनी खिशातून किल्ली काढली.

“टायर तुला कळतात, हे मला दीड वर्षापासून माहीत होतं, बेटा,” ते म्हणाले. “दुकान चालवता येईल का, एवढीच काळजी होती.”

मी हात पुढे केला नाही. त्यांनी किल्ली माझ्या मांडीवर ठेवली आणि चाचांना बोलवायला सांगितलं.